थाळीचे उरलेले चाळीस रुपये

महाराष्ट्र सरकारच्या स्वस्त जेवणाच्या शिवभोजन योजनेचा मूळ शासन निर्णय १ जानेवारी २०२० चा आहे. त्यात थाळी ग्रॅममध्ये मोजलेली आहे: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भाताची मूद आणि १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे. केंद्र चालवणाऱ्याला शहरात थाळीमागे एकूण ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळायचे, म्हणजे सरकारचा वाटा अनुक्रमे ४० आणि २५. वेळ दुपारी १२ ते २.

चपातीच्या वजनावर, भाताच्या शिताशितावर तेव्हा बरीच चर्चा झाली. दहा रुपयांत पोट भरेल का, आधार कार्ड मागणार का, चेहरा ओळखणारं अ‍ॅप कशाला, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. उरलेले ४० रुपये केंद्राच्या हातात किती दिवसांत पडतील, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, राज्यभरातल्या केंद्रचालकांची बिलं महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या, काही केंद्रांना कुलूप लागलं, काहींनी थाळ्या कमी केल्या. हे प्रकरण त्या ४० आणि २५ रुपयांचं आहे.

झुणका-भाकरीचा धडा

शिवभोजनाचे नियम असे का झाले हे समजायला १९९५ पर्यंत मागे जावं लागतं. युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. ती योजना उभी होती जागेवर. गर्दीच्या ठिकाणी, सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर स्टॉलला जागा द्यायची, भाकरीमागे अनुदान द्यायचं, आणि चालवणाऱ्याने एक रुपयात ताट लावायचं. काही वर्षांत अनुदान आटलं, पुढच्या सरकारने योजना गुंडाळली. स्टॉल मात्र उठले नाहीत. का उठतील? मुंबईत स्टेशनजवळची शंभर-दोनशे चौरस फूट जागा म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. तिथे वडापाव आला, डोसा आला, चायनीज आलं. जागा परत घेण्यावरून वाद कोर्टापर्यंत गेले. पाटीवरचं नाव आणि आतला तवा यांचा संबंध तुटून कितीतरी वर्षं झाली तरी माणसं त्या टपऱ्यांना ‘झुणका-भाकर केंद्र’च म्हणत राहिली.

२०२० च्या निर्णयावर या आठवणीची छाया आहे, असं माझं वाचन आहे. या वेळी सरकारने कुणाला जागा देऊ केली नाही. आधीच चालू असलेली खानावळ, भोजनालय, मेस, रेस्टॉरंट, महिला बचत गट, स्वयंसेवी संस्था, यांच्यापैकी ज्याच्याकडे एका वेळी किमान २५ माणसं बसतील एवढी जागा आहे त्याने अर्ज करायचा. ठिकाण रुग्णालय, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या यांच्या आसपासचं असावं. निवड समितीने करायची. एका केंद्राला साधारण ७५ ते १५० थाळ्यांचा इष्टांक, म्हणजे रोजची ठरवून दिलेली संख्या. बाहेरचं जेवण आत आणायचं नाही, केंद्रात काम करणाऱ्यांनी किंवा सरकारी कर्मचाऱ्यांनी सवलतीची थाळी खायची नाही, अन्न ताजं हवं.

पहिल्या टप्प्यात राज्यभर मिळून रोज १८ हजार थाळ्या आणि तीन महिन्यांसाठी ६ कोटी ४८ लाख रुपये. हा आकडा कुठून आला ते लगेच कळतं: १८ हजार गुणिले ४० गुणिले ९० दिवस. सगळ्या थाळ्या शहरी दराने धरलेल्या, कारण सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणांहून होती. २६ जानेवारी २०२० ला जागोजागी पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनं झाली.

जागा न देण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. योजना उद्या बंद झाली तर सरकारची एक वीटही अडकून राहणार नव्हती. पण जागेबरोबर आणखी एक गोष्ट सरकारच्या अंगावरून उतरली आणि ती खानावळवाल्याच्या अंगावर गेली. ती म्हणजे खेळतं भांडवल.

पंच्याहत्तर थाळ्यांचं एक केंद्र

हिशेब लहान केंद्राचाच करू. तालुक्याच्या गावी बचत गट चालवतो असं ७५ थाळ्यांचं केंद्र कागदावर घ्या. दर ग्रामीण, म्हणजे ३५ रुपये. पुढचे खर्चाचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. घाऊक बाजाराजवळच्या गावात ते थोडे खाली येतील, दुर्गम तालुक्यात वर जातील.

दोन चपात्यांना पीठ साधारण ४५ ग्रॅम, १५० ग्रॅम भाताला तांदूळ ५०-६० ग्रॅम, वरणाला तूरडाळ २०-२५ ग्रॅम, भाजी निवडून-चिरून १०० ग्रॅम भरायला सव्वाशे ग्रॅम तरी आणावी लागते. वर तेल, मीठ-मसाला, गॅस. थाळीमागे हे सगळं मिळून २० रुपयांच्या आसपास जातं. ७५ थाळ्यांना दिवसाला १,५०० रुपये झाले. दोन बायका राबतात, त्यांना रोजी ३०० म्हटली तर ६०० रुपये. भाडं, वीज, पाणी आणि भांड्यांची साबण-राख याला १५० रुपये. एकूण २,२५०. मिळणार ७५ गुणिले ३५, म्हणजे २,६२५. दिवसाला पावणेचारशे रुपये सुटतात. फार नाहीत, पण गट चालतो.

हे झालं कागदावर. आता गल्ल्यात काय पडतं ते पाहा. जेवणारे दहा-दहाच्या नोटा देतात, त्यांचे होतात ७५० रुपये. दिवसाचा खर्च २,२५०. म्हणजे रोज १,५०० रुपये गटाने आपल्या पदरचे घालायचे आणि सरकारी बिलाची वाट पाहायची. महिन्याला ४५ हजार, चार महिने बिल आलं नाही तर १ लाख ८० हजार. बायकांनी स्वतःची रोजी सोडली, ‘बिल आल्यावर घेऊ’ म्हणाल्या, तरी किराणा दुकानदाराची उधारी एक लाखाच्या घरात जाते. तालुक्याच्या बाजारात बचत गटाला एवढी उधारी कोण देतं?

शहरात १५० थाळ्यांच्या केंद्राचं सरकारकडे निघणं दिवसाला ६,००० रुपये. सहा महिन्यांत १० लाख ८० हजार. दरात शहरी केंद्राला जास्त वाव आहे, पण अडकणारी रक्कमही त्याच प्रमाणात मोठी.

यात दर वाढला नाही ही गोष्ट मिळवा. २०२० मध्ये ठरलेले ५० आणि ३५ पुढची वर्षं तसेच राहिले. २०२३-२४ मध्ये तूरडाळ किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेली तेव्हा वाटीतलं १०० ग्रॅम वरण पातळ होणं अटळ होतं, आणि तपासणीला आलेला पुरवठा निरीक्षक वरणाचं वजन करू शकतो, दाटपणाचं नाही.

बिल अडकतं कुठे? केंद्राने महिन्याचं देयक द्यायचं, तहसीलच्या पुरवठा शाखेने अ‍ॅपवरच्या नोंदींशी ते ताडून वर पाठवायचं, जिल्हा पुरवठा कार्यालयातून ते कोषागारात जायचं. या साखळीत कुणी खोडसाळपणा करतो असं गृहीत धरायची गरज नाही. योजनेखाली तरतूदच पुरेशी नसली की सगळे एकच उत्तर देतात: ग्रँट आली नाही. मग पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांकडे डोळे लावायचे. पैसा असा हप्त्याहप्त्याने, उड्या मारत येतो. भाजीवाला मात्र रोज सकाळी येतो.

खोट्या थाळीला उशीर बाधत नाही

योजनेत गैरप्रकार होणार हे सरकारने पहिल्या दिवसापासून धरलं होतं आणि ते बरोबरच होतं. म्हणून ‘महाअन्नपूर्णा’ नावाचं अ‍ॅप आलं. प्रत्येक जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो त्यात घ्यायचा. फोटो केंद्राच्या जागेवरूनच निघावा यासाठी स्थानाची मर्यादा घातली गेली. पुढे सीसीटीव्ही बंधनकारक झाले. तरी एकच माणूस दोनदा, फोटोचाच फोटो, असे प्रकार पकडले गेल्याच्या बातम्या येत राहिल्या. कुठे केंद्राचा इष्टांक घटला, कुठे केंद्र रद्द झालं.

आता वरच्याच हिशेबात खोटी थाळी बसवून बघा. शहरातल्या केंद्राने १३० माणसांना जेवायला घातलं आणि १५० दाखवली, तर वीस थाळ्यांचे ८०० रुपये रोजचे, महिन्याचे २४ हजार. त्या वीस थाळ्यांना ना पीठ लागलं ना गॅस. गल्ल्यात दाखवायचे १० रुपये स्वतःच्याच खिशातून फिरतात.

बिल सहा महिने थकलं, तर खऱ्या थाळीत केंद्रचालकाचे वीस-तीस रुपये सहा महिने अडकतात आणि त्यावर सावकाराचं किंवा दुकानदाराचं व्याज चढतं. खोट्या थाळीत त्याचं काहीच अडकलेलं नसतं. ती सहा महिन्यांनी आली तरी नफा, वर्षाने आली तरी नफा. म्हणजे बिलाचा उशीर हा प्रामाणिक केंद्रावरचा दंड आहे, आणि लबाड केंद्राला तो लागू होत नाही. उलट, ज्याची बिलं थकली आहेत त्या बऱ्या माणसालाही महिनाअखेरीस खोट्या नोंदींचा मोह पडतो, कारण व्याजाचा खड्डा भरायला दुसरा मार्ग नाही. सरकार एका हाताने कॅमेरे बसवतं आणि दुसऱ्या हाताने ज्या गोष्टीसाठी कॅमेरे बसवले तिलाच खतपाणी घालतं.

पुरवठा खात्यातल्या माणसांना हे दिसत नाही असं नाही. पण त्यांच्याकडे केंद्र तपासण्याचा अधिकार आहे, वित्त विभागाला तपासण्याचा नाही.

फोटोचा दुसराही एक परिणाम आहे. जिल्हा रुग्णालयाच्या दारात नातेवाइकाच्या खाटेपासून उठून आलेली बाई, दहा रुपयांच्या जेवणासाठी मोबाइलसमोर उभी राहते. बहुतेक जण राहतात, भूक लागलेली असते. काही जणी राहत नाहीत. किती, ते मोजलं जात नाही, कारण अ‍ॅपमध्ये फक्त जेवलेल्यांची नोंद होते.

स्वस्त होत गेली तेव्हा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि थाळी ५ रुपयांना केली गेली. केंद्रं तालुक्यांपर्यंत नेली, वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ अशी वाढवली, पार्सल द्यायची मुभा दिली. रोजच्या थाळ्यांचं लक्ष्य एक लाखावर गेलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत निर्बंध आले तेव्हा थाळी मोफत झाली आणि ती सवलत मुदतवाढ घेत सप्टेंबरअखेरपर्यंत चालली. हातावर पोट असणाऱ्या लाखो लोकांना त्या काळात एक वेळचं ताट मिळालं. योजनेचा तो सर्वात चांगला काळ होता, यात मला शंका नाही. नियम सैल केले म्हणून ते जमलं: पार्सल नको, बारा ते दोनच, बसूनच खा, या अटी त्या काळात कुणाला आठवल्या नाहीत आणि त्यामुळे काही आभाळ कोसळलं नाही.

केंद्राच्या बाजूने मात्र दर उतरण्याचा अर्थ वेगळा होतो. थाळी १० ला असते तेव्हा शहरी केंद्राच्या ५० पैकी एक पंचमांश पैसा रोख येतो. ५ ला झाली की एक दशांश. मोफत झाली की रोख शून्य, सगळं बिलावर. जेवणाऱ्याला दिलेली प्रत्येक रुपयाची सूट केंद्राला सरकारवर एक रुपयाने जास्त अवलंबून करते. त्या वर्षी सरकारचं लक्ष तिकडे होतं, टीव्हीवर रोज थाळ्यांचे आकडे सांगितले जात होते, म्हणून ते पेललं. लक्ष उडालं की हीच रचना अंगावर येते.

जून २०२२ मध्ये सरकार बदललं. योजना बंद होणार अशी चर्चा अधूनमधून उठली, ती बंद झाली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छगन भुजबळांनी, योजना सुरू झाली तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री म्हणून ज्यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे त्यांनी, ती चालू ठेवावी असं मुख्यमंत्र्यांना लिहिलं. उघडपणे बंद केली असती तर निदान केंद्रांना आपला हिशेब मिटवून मोकळं होता आलं असतं. तरतूद आखडती ठेवून चालू ठेवलेली योजना केंद्राला ना धड जगू देते ना सोडू देते, कारण सोडलं तर थकलेली बिलं कुणाकडे मागायची?

शिवाय कोण उरतं ते पाहा. ज्याचं मोठं हॉटेल आहे, जो शिवभोजनाच्या ७५-१०० थाळ्या आपल्या रोजच्या स्वयंपाकातच बसवतो, तो चार महिने थांबू शकतो. बचत गट थांबू शकत नाही. निर्णयात महिला बचत गटांना स्थान आहे, ते कुणी काढून टाकलेलं नाही. ते काम बिलांच्या उशिराने केलं.

चेन्नईत निराळं काय

तमिळनाडूत २०१३ मध्ये जयललितांच्या काळात ‘अम्मा उणवगम’ सुरू झाली: एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबार-भात, तीन रुपयांना दही-भात. चेन्नईत ती महापालिका स्वतः चालवते. जागा पालिकेची, सामान पालिकेचं, स्वयंपाक बचत गटांच्या बायकांचा आणि त्यांना रोजी. तिथे तोटा मोठा आहे, पालिकेच्या अंदाजपत्रकात दर वर्षी त्यावरून ओरड होते, इमारती गळक्या झाल्याच्या तक्रारी असतात. पण तो तोटा पालिकेच्या वहीत पडतो. इडली करणाऱ्या बाईच्या उधारीच्या वहीत नाही.

महाराष्ट्राने ते मॉडेल उचलावं असं मला वाटत नाही. आपल्या बहुतेक नगरपालिकांना स्वतःच्या सफाई कामगारांचे पगार वेळेवर करताना घाम फुटतो. शिवाय झुणका-भाकरीच्या जागांचा अनुभव आहेच. चालू खानावळीतून थाळी देण्याची कल्पना मला आजही बरी वाटते. तिला फक्त दुसऱ्या, म्हणजे सरकारच्या, बाजूची अट हवी.

दुसऱ्या बाजूची अट

आज केंद्रचालकाकडे कायद्याचा आधार काय आहे? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये हक्काचं धान्य किंवा जेवण दिलं नाही तर लाभार्थ्याला अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे. शिवभोजन त्या कायद्याखाली येत नाही. ते फक्त शासन निर्णयावर उभं आहे. त्यामुळे १५१ वा माणूस ताट मागू शकत नाही आणि केंद्र पैशाची तारीख मागू शकत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन आहे आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी केलेली खानावळ तिकडे दाद मागू शकेल का? मला ते अवघड दिसतं. सरकार म्हणेल, आम्ही तुमच्याकडून थाळी विकत घेतली नाही, ती जेवणाऱ्याने घेतली. आम्ही अनुदान दिलं. आणि अनुदान तरतुदीच्या अधीन असतं.

म्हणून दुरुस्ती शासन निर्णयातच व्हायला हवी, आणि ती फार मोठी नाही. केंद्राला मंजुरी देताना ४५ दिवसांच्या अनुदानाइतकी रक्कम आगाऊ, फिरता निधी म्हणून द्यायची. आपल्या ७५ थाळ्यांच्या केंद्राला ती ८४,३७५ रुपये होते, १५० थाळ्यांच्या शहरी केंद्राला २ लाख ७० हजार. पुढची बिलं आली की हा निधी पुन्हा भरायचा, केंद्र बंद झालं की शेवटच्या बिलातून वळता करायचा. बचत गटांना हा निधी सक्तीने, मोठ्या हॉटेलांना ऐच्छिक.

वित्त विभाग काय म्हणेल तेही माहीत आहे: आगाऊ पैसे घेऊन गट पसार झाला तर? झुणका-भाकरीच्या आठवणीने ही भीती खरीही वाटते. पण अ‍ॅपवर रोजची नोंद आहे, कॅमेरा आहे, केंद्राचं बँक खातं सरकारकडे आहे. पहिल्या आठवड्यात थाळ्या थांबल्या तर तहसीलदाराला त्याच संध्याकाळी कळू शकतं. एवढी पाळत जर केंद्रावर आधीच आहे, तर तिचा उपयोग आगाऊ रकमेचं तारण म्हणून का होऊ नये?

दुसरी दुरुस्ती दराची. पन्नास आणि पस्तीस हे आकडे दर एप्रिलला डाळ, तेल आणि गॅसच्या भावांशी जोडून तपासायचे. तिसरी वेळेची: करोनाच्या काळातली ११ ते ३ ची वेळ आणि पार्सलची मुभा कायम ठेवायची, निदान रुग्णालयांजवळच्या केंद्रांना, कारण वॉर्डातली भेटण्याची वेळ आणि डॉक्टरांचा राउंड बारा-दोनचं गणित पाळत नाहीत. यांपैकी एकच होणार असेल तर मी फिरता निधी आधी मागेन. दर थोडा कमी असला तरी रोख हातात असली की गट भाजी सकाळच्या लिलावात घेतो, दुकानदाराच्या उधारीच्या भावाने घेत नाही, आणि थाळीमागचे दोन-तीन रुपये तिथेच सुटतात.